नाशिकची मंदिरे : पाहावी कशी, शिकवावी कशी

नाशिक हे आपल्या राज्यातील एक प्राचीन क्षेत्र. दरवर्षी शेकडो शाळांच्या सहली येथे येतात. गोदावरीच्या घाटावर मुलांची रांग उभी राहते, रामकुंड दाखविले जाते, काळाराम मंदिरात दर्शन होते, सीतागुंफेत वाकून जाऊन येणे होते आणि तासा-दीड तासात सहल पुढच्या ठिकाणी निघते. घरी परतलेल्या विद्यार्थ्यास नाशकात काय पाहिले असे विचारले, तर 'देऊळ' या एका शब्दापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही. यात मुलांचा दोष नाही. मंदिर ही वास्तू वाचावयाची असते, तिच्यात दगडाचे, नदीचे, पैशाचे आणि समाजाचे लेख असतात, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. शिक्षकांना, तसेच आपल्या गावातील जुन्या मंदिराची काळजी ज्यांच्याकडे आहे अशा पंचायत सदस्यांना उपयोगी पडावे, या हेतूने नाशिकच्या काही मंदिरांचा परिचय येथे करून देत आहे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. क्षेत्राची प्राचीनता आणि वास्तूचे वय या दोन वेगळ्या बाबी आहेत. पंचवटीशी रामकथेचे नाते फार जुने आहे. परंतु आज आपण नाशकात पाहतो ती बहुतेक मोठी मंदिरे अठराव्या शतकातील, म्हणजे अडीचशे ते पावणेतीनशे वर्षांची आहेत. मोगल अमदानीत या शहराचे नाव गुलशनाबाद होते. अठराव्या शतकाच्या मध्यास ते मराठ्यांच्या ताब्यात आल्यावर पेशव्यांच्या सरदारांनी येथे वाडे, घाट आणि मंदिरे बांधली. उत्तरेकडील मोहिमांतून आलेला पैसा या दगडांत गुंतला आहे. याहून जुने बांधकाम पाहावयाचे असेल, तर सुमारे तीस किलोमीटरवरील सिन्नर येथे जावे लागते. तेथील गोंदेश्वराचे शैव पंचायतन यादवकालीन असून भूमिज शैलीचा तो एक उत्कृष्ट नमुना आहे. शक्य असेल त्या शाळेने ही दोन्ही स्थळे एकाच दिवशी पाहावीत. सहा शतकांचे अंतर डोळ्यांस आपोआप दिसते.

नाशिकचे दर्शन मंदिरापासून नव्हे, तर नदीपासून सुरू करावे असे माझे मत आहे. गोदापात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे. बाहेरगावच्या यात्रेकरूस ती एक देवमूर्ती वाटते. नाशिककरांस मात्र ती पुराची मोजपट्टी आहे. पाणी मारुतीच्या घोट्याला लागले, गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, अशा भाषेत येथे पुराचे वर्णन होते. मूर्ती संपूर्ण बुडाली म्हणजे महापूर. याच परंपरेत पुढची पायरी म्हणजे नारोशंकराच्या घंटेस पाणी लागणे. १९६९ चा पूर जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. त्यानंतर २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षीही गोदावरीने घाटावरील मंदिरे पाण्याखाली घेतली. गंगापूर धरणातून किती पाणी सोडले हे आज आकड्यांत जाहीर होते, परंतु बाजारातील दुकानदार आपला माल केव्हा हलवावयाचा हे अजूनही मारुतीकडे पाहूनच ठरवितो. भूगोलाच्या शिक्षकांना याहून चांगला धडा पुस्तकात सापडणार नाही.

मारुतीपासून जवळच, पंचवटीच्या बाजूस, रामेश्वराचे मंदिर आहे. नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते इ.स. १७४७ मध्ये बांधले, म्हणून ते नारोशंकराचे मंदिर याच नावाने ओळखले जाते. सभोवार तटासारखी भिंत असून तिच्या कोपऱ्यांवर छत्रीच्या आकाराच्या मेघडंबऱ्या आहेत. मूळच्या चारांपैकी तीन शिल्लक आहेत. दर्शनी भागी टांगलेली मोठी घंटा हे या मंदिराचे खरे आकर्षण. मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसास 'नारोशंकराची घंटा' म्हणण्याची पद्धत याच घंटेवरून पडली.

या घंटेवर १७२१ हे ख्रिस्ती वर्ष कोरलेले आहे. आता विद्यार्थ्यांस प्रश्न विचारावा : मंदिर १७४७ चे, मग घंटा सव्वीस वर्षे अगोदरची कशी? आणि हिंदू मंदिराच्या घंटेवर ख्रिस्ती वर्ष कसे? उत्तर वसईत आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. तेथील चर्चमधील घंटा विजयचिन्ह म्हणून मराठे सरदारांनी आपापल्या भागात नेल्या व देवास वाहिल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ आणि वाईजवळील मेणवलीच्या घंटेवर १७०७ ही वर्षे आहेत. केवळ एका आकड्यावरून इतिहासाचे एवढे मोठे प्रकरण उलगडते; तेही कोणतेही पुस्तक न उघडता, मान वर करून पाहिल्याने. मान वर करण्याचे कष्ट मात्र कोणीतरी घ्यावयास हवेत!

नदीच्या दुसऱ्या तीरावर, अहिल्याबाई होळकर पुलाच्या तोंडाशी, सुंदरनारायणाचे मंदिर आहे. गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते १७५६ मध्ये बांधले. नाशकातील मंदिरांत कोरीवकामाच्या नाजूकपणात याची बरोबरी करणारे दुसरे मंदिर मला दिसलेले नाही. परंतु त्याच कोरीवकामाची झीज हा या मंदिराचा मोठा प्रश्न ठरला. ऊन, पाऊस, नदीकाठचा दमटपणा आणि पुलावरील रहदारी यांचा परिणाम होऊन दगड पापुद्रे सुटावेत तसा झिजू लागला. शासनाच्या पुरातत्त्व विभागाने गेल्या काही वर्षांत येथे जतनाचे मोठे काम हाती घेतले. दगडावर क्रमांक टाकणे, तो उतरविणे, निकामी झालेल्या दगडाच्या जागी त्याच जातीचा दगड त्याच घडणीने बसविणे, असे हे काम असते. ते सावकाश चालते, म्हणून नागरिक कुरकुर करतात. पण घाईने झालेले जतन हे जतन नसते, ही गोष्ट लोकांना समजावून सांगण्याची जबाबदारी आपण अधिकाऱ्यांची व शिक्षकांची आहे.

येथे नाशिक थोडे बाजूस ठेवून ग्रामपंचायतींसंबंधी दोन शब्द सांगणे आवश्यक वाटते. महाराष्ट्रातील असंख्य गावांत जुनी दगडी मंदिरे आहेत. लोक त्यांस सरसकट 'हेमाडपंती' म्हणतात. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला. यांपैकी कित्येक मंदिरे त्याच्याही अगोदरची आहेत. तरी नाव रूढ आहे, ते चालू द्यावे. चिंतेची बाब वेगळी आहे. गावात वर्गणी जमते, उत्साह असतो, आणि 'जीर्णोद्धार' म्हणून दगडावर तैलरंगाचे थर चढतात, सांधे सिमेंटने भरले जातात, गाभाऱ्यास चकचकीत फरशा बसतात. हेतू भक्तीचा असतो, परिणाम मात्र उलट होतो. जुन्या बांधकामात चुना वापरलेला असतो किंवा दगड नुसता खाचेत खाच बसवून रचलेला असतो. अशा भिंतीत शिरलेला ओलावा सांध्यांतून बाहेर पडतो. सिमेंट आणि तैलरंग ही वाट बंद करतात. मग ओल दगडातूनच वाट काढते, तिच्याबरोबर क्षार पृष्ठभागावर येतात आणि कोरीव चेहरे पावडरीसारखे गळू लागतात. रंग काढण्यासाठी वाळूचा फवारा मारला, तर राहिलेले कोरीवकामही जाते. शिखरावर उगवलेले पिंपळाचे रोप नुसते उपटल्याने दगड निखळतात आणि मूळ आत राहून पुन्हा फुटते, म्हणून तेही जाणकाराच्या देखरेखीखाली काढावे लागते.

मंदिर संरक्षित स्मारक आहे किंवा नाही, हे ग्रामपंचायतीने प्रथम पाहावे. केंद्रीय संरक्षित स्मारकांस १९५८ चा, तर राज्य संरक्षित स्मारकांस १९६० चा कायदा लागू आहे. केंद्रीय स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगी लागते. ही तरतूद २०१० मध्ये कायद्यातच आली. मंदिर संरक्षित नसले, तरी ठराव करण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयास एक पत्र लिहिण्यास काहीच खर्च येत नाही. आणि काम सुरू होण्यापूर्वी चारही बाजूंची छायाचित्रे काढून दप्तरात ठेवावीत. पुढे वाद निघाला, तर तीच छायाचित्रे उपयोगी पडतात.

पुन्हा नाशकाकडे वळू. रामकुंडासमोर पायऱ्या चढून गेल्यावर कपालेश्वराचे मंदिर लागते. शिवासमोर नंदी नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. ब्रह्महत्येच्या पापातून मुक्त होण्याचा मार्ग नंदीने दाखविला, म्हणून शिवाने त्यास गुरू मानले आणि गुरूला समोर बसविणे योग्य न वाटून त्यास येथे बसविले नाही, अशी कथा सांगतात. मुलांस ती आवडते. येथे फार वेळ लागत नाही.

काळाराम मंदिरास मात्र निदान दोन तास द्यावेत.

पंचवटीतील हे मंदिर सरदार रंगराव ओढेकर यांनी इ.स. १७८० नंतरच्या दशकात बांधविले. माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांचे उत्तरायुष्य नाशिकजवळ गंगापूर येथे गेले; मंदिराच्या उभारणीमागे त्यांची प्रेरणा होती असे सांगतात. शहराच्या उत्तरेस रामशेजचा डोंगर आहे. तेथील काळा पाषाण या कामासाठी आणला गेला. सभोवार सुमारे सतरा फूट उंचीची भिंत, चार दिशांस चार दरवाजे, आतून कमानींच्या ओवऱ्या, मध्ये सुमारे सत्तर फूट उंच शिखराचे मंदिर आणि त्याच्यासमोर, त्यास न जोडलेला, स्वतंत्र सभामंडप अशी रचना आहे. सभामंडपात खांबांच्या चार ओळी असून प्रत्येक ओळीत दहा खांब आहेत. मधल्या दोन ओळींतून थेट मूर्तीकडे नजर जाते. राम, लक्ष्मण आणि सीता यांच्या मूर्ती काळ्या पाषाणाच्या, म्हणून काळाराम.

बांधकामास बारा वर्षे लागली, रोज दोन हजार माणसे कामावर होती आणि तेवीस लाख रुपये खर्च आला, अशी परंपरेची माहिती आहे; एकोणिसाव्या शतकातील नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये तिची नोंद झाली. दुसरीकडे, मंदिराच्या कळसाला बत्तीस टन सोने लागले, असेही विधान छापील व अन्य मजकुरांतून फिरत असते आणि मार्गदर्शक ते मोठ्या अभिमानाने सांगतात. शिक्षकांनी या ठिकाणी वर्गास गणित घालावे. त्या काळच्या एका रुपयात साधारणतः अकरा ग्रॅम चांदी असे. तेवीस लाख रुपये म्हणजे सुमारे पंचवीस टन चांदी. सोन्याचा भाव तेव्हा वजनास वजन चांदीच्या सुमारे पंधरा पट होता. म्हणजे मंदिरासाठी खर्च झालेल्या सर्व रकमेचे सोने घेतले असते, दगड, मजुरी, वाहतूक यांवर दमडीही खर्च केली नसती, तरी ते दोन टनांच्या आतच भरले असते. मग एका कळसास बत्तीस टन कोठून आले? दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असणे शक्य नाही. सोन्याच्या मुलाम्याची गोष्ट सांगताना कोणाच्या तरी हातून आकडा वाढला आणि पुढे तो कोणी तपासला नाही, असेच म्हणावे लागते. दोन हजार माणसे, बारा वर्षे आणि वर्षाचे तीनशे दिवस धरून तेवीस लाखांस भागिले, तर माणशी रोज पाच आणे येतात. हा आकडा निदान विचारात घेण्याजोगा आहे. त्यावर मुलांना वाद घालू द्यावा.

परंतु काळाराम मंदिराचा सर्वांत महत्त्वाचा धडा त्याच्या शिखरावर नाही. तो त्याच्या चार दरवाज्यांवर आहे.

हे मंदिर बांधून सुमारे दीडशे वर्षे लोटली, तरी हिंदू समाजाच्या एका मोठ्या भागास या दरवाज्यांच्या आत पाऊल टाकण्यास मज्जाव होता. रामशेजचा दगड ज्यांनी वाहिला असेल, त्यांच्या वंशजांस त्याच दगडात घडविलेल्या देवाचे दर्शन नाकारले जात होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह सुरू झाला. त्याची संघटना भाऊराव कृष्णराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांनी उभी केली. दादासाहेब याच जिल्ह्यातील, दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे. पहिल्याच दिवशी हजारोंची शिस्तबद्ध मिरवणूक मंदिराकडे निघाली. चारही दरवाजे बंद करण्यात आले होते. दुसऱ्या दिवशी सत्याग्रहींच्या तुकड्या चार दरवाज्यांवर जाऊन बसल्या. पहिल्या तुकड्यांत सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रिया होत्या, असे चरित्रग्रंथांत नमूद आहे. या पंचवीस स्त्रियांचा उल्लेख वर्गात आवर्जून करावा. सामाजिक चळवळींच्या इतिहासात त्या बहुधा निसटतात.

बंद दारापुढे हे बसणे दिवसेंदिवस चालले. ९ एप्रिल १९३० रोजी रामाचा रथ निघावयाचा होता. रथ दोन्ही पक्षांनी मिळून ओढावा असा समझोता ठरला होता. तो पाळला गेला नाही. सत्याग्रहींचा हात लागण्यापूर्वीच रथ पळविण्यात आला, दगडफेक झाली, अनेक जण जखमी झाले. चळवळ त्यानंतरही वर्षानुवर्षे सुरू राहिली. सत्याग्रहींना तुरुंगवास झाला, गावोगाव त्यांच्यावर बहिष्कार पडले, मजुरी तुटली. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांस पत्राने आपला विचार कळविला : या सत्याग्रहाचा हेतू मूर्तिपूजेने उद्धार होईल असा नव्हता, दलित समाजात स्वतःच्या स्थितीची जाणीव व चैतन्य निर्माण करणे हा होता, आणि तो पार पडला होता. शक्ती यापुढे राजकारण व शिक्षण यांकडे वळविण्याचा सल्ला त्यांनी दिला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. पंचवटीतील बंद दरवाजे आणि येवल्याची घोषणा यांतील अंतर पाच वर्षांचे आहे. ते विद्यार्थ्यांस नकाशावर आणि कालरेषेवर, दोन्हींवर दाखवावे.

कायद्याने दार उघडण्यास आणखी काळ गेला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी उपोषण केले. त्याच वर्षी मुंबई राज्यात हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा अधिनियम झाला. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि पंचविसाव्या अनुच्छेदाने सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांस खुल्या करण्याचा अधिकार राज्यास दिला. त्यानुसार १९५६ चा प्रवेशविषयक अधिनियम आला. तो केवळ जुन्या प्रश्नापुरता उरला नाही. २०१६ मध्ये मंदिरांतील स्त्रियांच्या प्रवेशाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा याच अधिनियमाचा आधार घेण्यात आला. ग्रामपंचायत सदस्यांनी तो मुळातून वाचावा. गावच्या यात्रेत पालखीचा मान, पाणवठा किंवा गाभाऱ्याचा उंबरठा यांवरून आजही तंटे उद्भवतात, आणि तेव्हा 'पूर्वापार चालत आले आहे' हे उत्तर कायद्यास मान्य नसते.

काही शिक्षक हा भाग वगळतात, असा माझा अनुभव आहे. देवस्थानात वादाचा विषय नको, असे त्यांचे म्हणणे पडते. एका सहलीत मी पाहिले, की मार्गदर्शकाने कळसाच्या सोन्यावर दहा मिनिटे घालविली आणि सत्याग्रहाचा शब्दही काढला नाही. त्या वर्गातील काही मुलांचे आजोबा-पणजोबा त्या दरवाज्याबाहेर बसलेले असण्याची शक्यता होती. त्यांना आपल्याच घराण्याची गोष्ट ऐकावयास मिळाली नाही, आणि इतरांनाही ती मिळाली नाही.

सहलीच्या व्यवस्थेविषयी थोडे. पंचवटीतील गल्ल्या अरुंद व उताराच्या आहेत. २००३ च्या सिंहस्थात काळाराम मंदिराजवळ सरदार चौकाच्या परिसरात चेंगराचेंगरी होऊन अनेक भाविकांना प्राण गमवावे लागले. २०१५ च्या पर्वणीत गर्दीच्या नियोजनाचा विशेष विचार झाला, तो त्या अनुभवामुळे. म्हणून पर्वकाळ, रामनवमी आणि चैत्रातील रथोत्सवाचा कामदा एकादशीचा दिवस शाळांनी टाळावा. रथोत्सव अवश्य पाहण्यासारखा आहे. रामाचा व गरुडाचा असे दोन रथ निघतात आणि मानकरी बुवा रथाकडे तोंड करून, म्हणजे उलट्या पावलांनी, चालत जातात. पण चाळीस मुलांना घेऊन जाण्याची ती वेळ नव्हे. श्रावणातही पूर असेल तर घाटावर उतरू नये. मार्गशीर्ष-पौषातील सकाळ उत्तम. आठच्या सुमारास नदीवर, नऊला नारोशंकर, तेथून कपालेश्वर, दहा ते बारा काळाराम, आणि दुपारनंतर सुंदरनारायण करून सिन्नरकडे निघावे.

काळाराम मंदिरात प्रत्येक विद्यार्थ्याने कागदावर आवाराचा आराखडा काढावा. चार दरवाजे, सभामंडप, ओवऱ्या, शिखर. मग प्रत्येक दरवाज्याच्या बाहेर, भिंतीला लागून, सत्याग्रहींची तुकडी कोठे बसली असेल ती जागा पेन्सिलीने खूण करून दाखवावी आणि त्या जागेवरून आतली मूर्ती दिसते किंवा नाही, हे स्वतः तेथे बसून पाहावे.